दाढीवालं फूल

मुलांनो, दाढीवालं फूल पाहिलंय का कधी? हसू नका! आयरिस नावाच्या फुलाला खरोखरच दाढी असते. तीन पाकळ्या घुमटासारख्या वर उभ्या, तीन खाली झुललेल्या. आणि खालच्या प्रत्येक पाकळीवर मऊ केसांचा पट्टा, जणू सुरवंटच येऊन बसलाय. मधमाशीने आत कुठून शिरायचं, त्याची ही खूण. आपलं काश्मीरचं केशरही याच कुळातलं बरं का.

आजच्या आपल्या आयरिसचं नाव ‘डस्की चॅलेंजर’. सावळा आव्हानवीर म्हणा ना! अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, सेलम गावी श्रायनर कुटुंबाची आयरिसची शेती आहे. त्यांनी ही जात १९८६ साली बाजारात आणली. दांडा मीटरभर उंच, फुलं गडद जांभळी, रेशमी, कडेला चुण्या पडलेली. १९९२ साली तिला डाइक्स पदक मिळालं. अमेरिकेत आयरिससाठी याहून मोठा मान नाही. हे डाइक्स कोण, ठाऊक आहे? इंग्लंडमधले एक शाळामास्तर! त्यांनी १९१३ साली आयरिसवर जाडजूड ग्रंथ लिहिला.

आता खरी गंमत ऐका. याचं बी पेरलं तर डस्की चॅलेंजर मिळत नाही. भावंडांचे चेहरे जसे वेगवेगळे, तसं प्रत्येक रोपाचं फूल निराळं निघतं. म्हणून जमिनीखालच्या खोडाचा तुकडा लावायचा. दिसतो अगदी आल्यासारखा. म्हणजे बघा, जगात जिथे कुठे डस्की चॅलेंजर फुलतो, तो त्या एकाच मूळ रोपाचा तुकडा असतो!

आणि हा कंद एकदाच फुलतो. केळ एकदा व्याली की तिचं काम संपलं, पुढचं मुनव्यांनी बघायचं, तसंच इथे. कंदाच्या कडेला फुटलेली पिल्लं पुढच्या वर्षी फुलतात.

लावताना मात्र हात आवरायला हवा. आपल्याला वाटतं, खोल पुरावं, भरपूर पाणी घालावं. तसं केलं तर कंद कुजलाच म्हणून समजा! मातीचा लहानसा उंचवटा करून त्यावर कंद बसवायचा, मुळं दोन्ही बाजूंनी खाली सोडून त्यांवर माती दाबायची, आणि कंदाची पाठ उघडीच ठेवायची. तिला ऊन लागू दे की! दिवसाचे निदान सहा तास. तीन-चार वर्षांत दाटी होऊन फुलं कमी येतात. मग उन्हाळा सरताना कंद उपटून जुने फेकायचे, नवे सुटे करून लावायचे आणि उरलेले शेजाऱ्यांना वाटायचे.

आपल्याकडे मुंबई-कोकणात हे जमणं कठीण. याला हिवाळ्यात कडक थंडी लागते, आणि आपला पाऊस तर सोसतच नाही. काश्मीरात मात्र दाढीवाल्या आयरिसची एक जात कबरींवर लावतात.

तोवर आपण काय करायचं? आईकडून डोळे फुटलेला आल्याचा तुकडा मागून घ्या, कुंडीत लावा. फक्त आयरिससारखं त्याला उघडं ठेवू नका हं, वरून दोन बोटं माती घाला!