खंडेनवमी आणि नव्याचा हव्यास

आज खंडेनवमी आणि उद्या विजयादशमी. आश्विन शुद्ध नवमीस शस्त्रे, अवजारे आणि उपजीविकेची साधने स्वच्छ करून त्यांची पूजा करावी, दशमीस सीमोल्लंघन करून आपट्याचे सोने वाटावे, हा आपल्याकडील पूर्वापार कुळाचार आहे. शेतकरी नांगरापुढे, सुतार करवत-पटाशीपुढे, कारकून लेखणीपुढे आणि कारखान्यातील कामगार आपल्या यंत्रापुढे या दिवशी हात जोडतो. ज्याच्या बळावर वर्षभर घरची चूल पेटली त्याच्यापुढे वर्षातून एकदा नम्र व्हावे, एवढाच या पूजेचा साधा अर्थ आहे.

रावेत हे पवनेच्या काठचे मूळचे शेतकऱ्यांचे गाव. येथील बंधाऱ्यापासून पिंपरी-चिंचवडसाठी पाणी उचलले जाते. १९९७ साली गाव महापालिकेच्या हद्दीत आले आणि पाहता पाहता शिवारांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. जेथे एकेकाळी नांगर, कुळव आणि मोटेचा नाडा पुजला जात असे, तेथे आता वाहनतळावर ओळीने उभ्या असलेल्या मोटारींना झेंडूचे हार घातले जातात. मोटेच्या जागी मोटार आली. काळाप्रमाणे साधन बदलले तरी पूजा टिकली, याचा आम्हांस आनंदच आहे.

परंतु या आनंदाच्या पोटात एक चिंताही आहे. रावेत, पुनावळे, वाकड या वाढत्या वसाहतींतून, आणि खरे तर सर्वच शहरांतून, एक नवी रीत रुजू पाहत आहे. घरची मोटार उत्तम चालत असते, तिचे हप्तेही कधी पुरते फिटलेले नसतात. तरी तीन-चार वर्षे झाली की दसऱ्याचा मुहूर्त गाठून ती देऊन टाकायची आणि पुन्हा कर्ज काढून नवी दारात उभी करायची. भटकंतीच्या सामानाचेही तेच. लोहगड किंवा तिकोना दोनदा चढून झाला की बूट जुने वाटू लागतात. तंबू, पाठीवरची पिशवी, गियरची सायकल, सारे दर हंगामात नवे हवे. वस्तू फाटलेली नसते, मोडलेली नसते. तिच्यावरून फक्त मन उडालेले असते. गेल्या दसऱ्यास जिला हार घातला, नारळ वाढवला, तिलाच यंदा ‘जुनी’ म्हणून दाराबाहेर काढावयाचे, तर त्या हाराला अर्थ काय उरला, असा प्रश्न आम्ही आज श्रद्धावान कुटुंबांपुढे ठेवू इच्छितो.

विजयादशमीची कथाच या बाबतीत मार्गदर्शक आहे. पांडवांनी अज्ञातवासास निघताना आपली शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवली. वर्षभराने प्रसंग आला तेव्हा अर्जुनाने नवे धनुष्य शोधले नाही. शमीवरचे गांडीवच उतरवून हाती घेतले. हे धनुष्य त्याला खांडववनाच्या प्रसंगी अग्नीच्या विनंतीवरून वरुणाकडून मिळाले होते. पुढे महाप्रस्थानाच्या वेळी अग्नीनेच आठवण दिली आणि अर्जुनाने ते जलार्पण करून वरुणास परत केले. साधन निष्ठेने सांभाळावे, त्याचे कार्य संपेपर्यंत वापरावे आणि कार्य संपल्यावर मोह न धरता सोडून द्यावे, असा या कथेचा क्रम आहे. आज आम्ही हा क्रम उलटा केला आहे. सांभाळण्याचा कंटाळा आणि मिळवण्याचा मोह, अशी आमची स्थिती आहे.

आपट्याच्या पानांची कथाही हेच सांगते. गुरुदक्षिणेसाठी कौत्सास चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या. रघुराजासाठी कुबेराने सोन्याचा वर्षाव केला. राजा म्हणाला, सर्व तुझेच. कौत्स म्हणाला, मला चौदा कोटींपेक्षा एकही अधिक नको. उरलेले सोने दोघांनीही नाकारले, म्हणून ते लोकांनी लुटले. आपण दरवर्षी जे ‘सोने’ वाटतो ते या नाकारलेल्या सोन्याची आठवण आहे. ‘पुरे’ म्हणण्याचे सामर्थ्य हाच या सणाचा गाभा आहे. त्याच दिवशी अनावश्यक वस्तूसाठी कर्जाच्या कागदावर सही करणे म्हणजे कथा ऐकून तिचे मर्म विसरणे होय.

व्यवहाराच्या दृष्टीनेही हा हव्यास परवडणारा नाही. विम्यासाठी मोटारीची किंमत ठरवताना दोन वर्षे उलटली की तीस टक्के आणि चार वर्षे उलटली की पन्नास टक्के घट धरण्याची पद्धत आहे. दहा लाखांची मोटार तीन वर्षांनी बदलली तर किमान तीन लाख गेले. शिवाय नोंदणीच्या वेळी भरलेला एक लाखाच्या वरचा कर निराळा, आणि प्रत्येक नव्या मोटारीस तो पुन्हा भरावा लागतो. बारा वर्षांत अशा चार मोटारी बदलणाऱ्या घराचे ढोबळमानाने सोळा लाख रुपये जातात. एकच मोटार बारा वर्षे वापरली आणि शेवटी तिची किंमत शून्य धरली, तरी अकरा-बारा लाखांहून अधिक जात नाहीत. व्याजाचा हिशेब तर आम्ही यात धरलेलाच नाही. खासगी मोटारीची नोंदणी कायद्यानेच पंधरा वर्षांची असते आणि तपासणीत योग्य ठरल्यास पुढे पाच वर्षांसाठी वाढवूनही मिळते. सरकारच्या लेखी जी पंधरा वर्षे चालावयाची, ती आमच्या लेखी तीन वर्षांतच म्हातारी का व्हावी?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. आकुर्डी-पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या असंख्य घरांची चूल मोटारींच्या कारखान्यांवर पेटते. लोकांनी नव्या मोटारी घेतल्या नाहीत तर या कामगारांचे काय? आमचे उत्तर असे की, ज्यांना पहिले वाहन हवे आहे अशी घरे या देशात अजून पुष्कळ आहेत, आणि जुने वाहन नीट राखण्यासाठीही कुशल हातांना काम लागतेच. कारखान्याची धग राहावी म्हणून घराने कर्जाच्या आगीत उडी घ्यावी, हा न्याय नव्हे. १९७२ साली आकुर्डीहून ‘चेतक’ स्कूटर बाजारात आली, तेव्हा तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मिळाल्यावर एकेका घरात बाप आणि मुलगा तीच चालवीत. ती टंचाई परत यावी असे आम्ही म्हणत नाही. पण तो जिव्हाळा परत आला तर बिघडले कुठे? कामगाराने घाम गाळून बनवलेली वस्तू दीर्घकाळ जपणे हाच त्याच्या श्रमांचा खरा सन्मान होय.

कुटुंब वाढले, जुन्या वाहनात सुरक्षिततेची साधने नाहीत, दुरुस्तीचा खर्च हाताबाहेर गेला किंवा धूर आवरेनासा झाला, तर ते अवश्य बदलावे. गरज आणि हव्यास यांतील भेद ज्याचा त्याने प्रामाणिकपणे करावा. रावेतपासून दोन-तीन कोसांवर देहू आहे. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवून इतरांना मोकळे केले, असे परंपरा सांगते. त्याच देहूतून निघालेला वारकरी खांद्यावर पडशी आणि गळ्यात टाळ घेऊन सुमारे अडीचशे किलोमीटर पायी पंढरी गाठतो. त्याची वारी सामानावाचून अडत नाही, आणि बापाच्या हातचा टाळ मुलाच्या हाती आला म्हणून त्याचा नाद कमी होत नाही. गड चढणाऱ्या तरुणांनी हे ध्यानी घ्यावे.

म्हणून आज पूजेस बसण्यापूर्वी घरातील जुनेच वाहन स्वच्छ धुवावे, त्याचे टायर, ब्रेक आणि तेलपाणी पाहून घ्यावे, कपाटातील बूट आणि पिशव्या उन्हाला लावून उसवलेले शिवून घ्यावे. मग हळद-कुंकू वाहून एवढाच संकल्प करावा की, जोवर हे साधन काम देते तोवर आम्ही ते टाकणार नाही. उद्याचे सीमोल्लंघन गावच्या वेशीपुरते न राहता हव्यासाची सीमाही ओलांडणारे ठरो, अशी जगदंबेच्या चरणी प्रार्थना करून आम्ही सर्व वाचकांस विजयादशमीच्या हार्दिक शुभेच्छा देतो.