प्रूफं तपासणारा सखाराम

11 ऑगस्टला खुदीराम बोसचा फोटो फळ्याशेजारी लागतो, एखादं पोर पाठ केलेलं भाषण एका दमात म्हणून टाकतं आणि बंगालचे क्रांतिकारक वर्षभरासाठी पुन्हा कपाटात जातात. आज या सदरात त्याच फळीतल्या एका माणसाबद्दल लिहितोय. त्याने बॉम्ब केला नाही, कुणावर गोळी झाडली नाही. नाव सखाराम गणेश देऊसकर.

सखाराम कुठून बंगाली वाटतो? नाहीच तो. घराणं रत्नागिरीकडच्या देऊस गावचं. अठराव्या शतकात मराठी सत्ता पूर्वेकडे पसरत होती, त्या सुमारास पूर्वज देवघरजवळ करौंला जाऊन राहिले. आज ते गाव झारखंडात येतं. नागपूरकर भोसल्यांच्या घोडेस्वारांची बंगालने इतकी धास्ती घेतली होती की ‘बर्गी’ आले म्हणून आया लेकरांना निजवायच्या. अशा मुलखात 17 डिसेंबर 1869 ला हा जन्मला. पाचव्या वर्षी आई गेली. विधवा आत्याने वाढवलं, मराठी तिच्याकडून आली. लिहिता झाला तो मात्र बंगालीत.

देवघरच्या शाळेत मास्तरकी करता करता तो कोलकात्याच्या ‘हितवादी’त लिहायचा. (आपल्या नागपूरच्या ‘हितवाद’शी याचा संबंध नाही, तो नंतरचा.) देवघरच्या इंग्रज मॅजिस्ट्रेटच्या कारभारावर लिहिलं आणि नोकरी गेली. मग कोलकाता गाठलं आणि त्याच पत्रात प्रूफं तपासायला बसला. पुढे तिथलाच संपादक झाला.

1904 साली त्याचं ‘देशेर कथा’ आलं, म्हणजे देशाची गोष्ट. गोष्ट कसली, हिशेबच आहे. दादाभाई, रमेशचंद्र दत्त, विल्यम डिग्बी यांनी इंग्रजीत मांडलेले आकडे त्याने बंगाली कारकुनाला, मास्तराला, कॉलेजच्या पोराला कळतील असे करून ठेवले. विणकराचा माग का थांबला, शेतसारा कुणाच्या पोटातून निघतो, इथला पैसा कोणत्या वाटेने विलायतेला जातो. पाच-सहा वर्षांत आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. स्वदेशीच्या तयारीला या पुस्तकाइतकी मदत दुसऱ्या कशाचीच झाली नाही, असं पुढे अरविंद घोषांनी नोंदवलं. राजकीय अर्थाने ‘स्वराज्य’ हा शब्द बंगालीत प्रथम याने वापरला, हेही त्यांचंच म्हणणं. 1910 साली सरकारने पुस्तक जप्त केलं. सरकारला नुसत्या बेरजा-वजाबाक्यांची भीती वाटली, याचं मला फार अप्रूप आहे.

यवतमाळात बसून हे पुस्तक डोक्यात घोळू लागलं की शकुंतला रेल्वे आठवतेच. यवतमाळ-मूर्तिजापूर 113 किलोमीटर, किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने टाकलेली अरुंद लाइन. कास्तकाराच्या सोयीसाठी टाकली, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं. इथली रुई मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला, मुंबईहून बोटीने मँचेस्टरला. देऊसकरांनी कागदावर काढलेली वाट आमच्या गावात रुळांवर दिसत होती.

गावाशी दुसरा धागा शाळेचा. त्याच काळात इथे तपस्वी बाबासाहेब परांजप्यांची राष्ट्रीय शाळा होती. ‘वंदे मातरम्’पायी नागपूरच्या शाळेतून निघालेला केशव हेडगेवार इथे शिकायला आला. सरकारने 1909 मध्ये शाळाच बंद पाडली. त्याला परीक्षा द्यावी लागली ती बंगालच्या नॅशनल कौन्सिल ऑफ एज्युकेशनची, आणि प्रमाणपत्रावर सही डॉ. रासबिहारी घोषांची. हे कायदेपंडित घोष. बॉम्बवाले रासबिहारी ते बोस, पुष्कळांची इथे गल्लत होते. त्याच कौन्सिलच्या कॉलेजात त्या वर्षी इतिहास आणि बंगाली शिकवत होते देऊसकर. दोघांची गाठ पडली असं मी म्हणत नाही. पण यवतमाळच्या बंद शाळेतलं पोर आणि करौंचा मराठी मास्तर एकाच संस्थेच्या कागदावर होते, एवढं खरं.

कोलकात्यात 1902 ला शिवाजी उत्सव सुरू झाला त्यामागेही देऊसकरच. रवींद्रनाथांची ‘शिवाजी उत्सव’ ही कविता देऊसकरांच्या ‘शिवाजीर दीक्षा’ या पुस्तिकेच्या आरंभी छापली गेली. ज्यांच्या नावाने लेकरं निजत होती, त्यांच्या राजावर बंगालचा सर्वांत मोठा कवी लिहिता झाला. तलवारीने जे बिघडवलं होतं ते याने शाईने बरंचसं सावरलं. आमच्याकडे याचं फारसं कुणाला काही नाही. बनारसच्या ‘आज’चे संपादक बाबूराव विष्णू पराडकर याचे भाचे, हिंदीवाल्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं. मामा मात्र मराठीत पोरका.

1907 अखेर सुरतेला काँग्रेस फुटली. ‘हितवादी’च्या मालकाने सांगितलं, टिळकांविरुद्ध लिहा. देऊसकरांनी राजीनामा दिला. प्रूफं तपासण्यापासून चढत गेलेली ती खुर्ची होती, आणि घर तिच्यावर चालत होतं. कॉलेजची नोकरीही 1910 मध्ये सुटली. बायको गेली, मुलगा गेला. ते करौंला परतले आणि 23 नोव्हेंबर 1912 ला तिथेच वारले. त्रेचाळीस पुरे व्हायला महिनाही उरला नव्हता.

— वऱ्हाडकर