काम काय करता?

परवा दादाकडे बैठक बसली होती. विषय एकच, पुतणीचं नर्सिंग कॉलेज. सीईटी झाली आहे, आता कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा आहे. मामा, मावशी, शेजारचे सर, सगळ्यांची मतं तयार! फी किती? होस्टेल कसं आहे? तिथल्या मुली जर्मनीला जातात का? आणि इमारत बघितली का, काय चकाचक आहे!

मी गप्प बसलो (हे माझ्या स्वभावात नाही, घरचे सांगतीलच). म्हणून आता इथे लिहितोय. कॉलेज मुलींना शिकायला कुठे कुठे नेतं, हे एकानेही विचारलं नाही.

मला हा प्रश्न पडतो तो आप्पांमुळे. आप्पांनी साखर कारखान्याच्या बगॅस यार्डात २२ वर्षं काढली. मग खोकला, धाप. आम्ही गावातल्या दवाखान्यापासून शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलपर्यंत सगळं फिरलो. टीबीच्या गोळ्या झाल्या. विडी सोडा म्हणून बोलणीही खाल्ली. आप्पांनी जन्मात विडी ओढलेली नाही! सात-आठ वर्षांनी एका डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" साठवलेल्या बगॅसला बुरशी येते, ती धूळ छातीत जाऊन बगॅसोसिस होतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. तोवर फुप्फुसाचं व्हायचं ते झालं होतं.

रोग्याला त्याचं काम विचारा, असं इटलीतल्या रामाझिनी नावाच्या डॉक्टरांनी १७०० साली पुस्तकात लिहून ठेवलंय. १८७८ मध्ये इंग्लंडातल्या एका मोहरीच्या कारखान्याने कामगारांसाठी नर्स नेमली. आपल्या १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टातही ५०० हून जास्त कामगार असतील तिथे ॲम्ब्युलन्स रूम आणि नर्सिंग स्टाफ असावा, असं कलम होतं.

आणि आपला नगर जिल्हा (आता अहिल्यानगर)? प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचं गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झालं. पुढे कारखाने वाढत गेले, एमआयडीसी आली. पाथर्डी-शेवगावकडची जोडपी दर वर्षी कोयता घेऊन बाहेर पडतात. शेजारच्या बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, सरकारला समिती नेमावी लागली. आजारी पडलं की खाडा आणि खाडा झाला की दंड, हे ज्या नर्सला माहीत नाही, ती त्या बाईच्या पोटदुखीचं काय समजणार?

वहिनी म्हणतील, कारखान्यात नर्सच्या जागा असतात किती? भाकरी कशी मिळायची? वहिनी, तुमचं चुकत नाही. जागा थोड्याच आहेत. पण पोरगी आयसीयूत गेली तरी तिथल्या खाटेवर कुणीतरी आप्पाच असणार ना!

कम्युनिटी हेल्थच्या अभ्यासक्रमात कामगारांच्या आरोग्याचा धडा असतोच. तो वहीत राहतो की कारखान्याच्या गेटातून आत जातो, हे कॉलेजवर ठरतं. म्हणून फॉर्म भरण्याआधी तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना गाठा. विचारा, कारखाना आतून पाहिलात का? हंगामात ऊसतोड्यांच्या कोप्यांवर गेलात का? केस पेपरवर पेशंटचं काम लिहायला शिकवतात का? तुमच्या मॅडम तुमच्याबरोबर फिल्डवर येतात की बस पाठवून मोकळ्या होतात? होस्टेलचं जरूर विचारा, पण हे आधी.

जामखेडला आरोळे पती-पत्नींनी १९७० पासून गावोगावच्या साध्या बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, आरोग्याचं काम शिकवलं. त्या लोकांच्या दारात जाऊन शिकल्या. हे आपल्याच जिल्ह्यात झालंय, आणि आपण लॉबीच्या फरश्या मोजतोय.

असो. पुतणीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "काका, पप्पांना तुम्हीच सांगा. आणि कॉलेज बघायला माझ्याबरोबर चला."

रविवारी निघतोय. आप्पांना विचारलं, येता का? म्हणाले, जिना नसेल तर येतो.