मॉरिशसचा रुपया आणि आपलं यूपीआय: नाव एकच, पैसा वेगळा

१२ फेब्रुवारी २०२४ ला मॉरिशस आणि श्रीलंका या दोन बेट-देशांत एकाच दिवशी यूपीआय सुरू झालं. मॉरिशसमध्ये सोबत रुपे कार्डही आलं. पुढे मार्च २०२५ मध्ये पंतप्रधान मॉरिशसला गेले, तेव्हा भारताची रिझर्व्ह बँक आणि बँक ऑफ मॉरिशस यांच्यात आणखी एक करार झाला. दोन देशांमधले व्यवहार आपापल्या चलनात करायला प्रोत्साहन द्यायचं, असा तो करार. लगेच स्टेटस लागले, ‘आता आपला रुपया परदेशात चालणार’ असे फॉरवर्ड फिरले.

आमच्या दांडीच्या ग्रुपवरही ते आले. इथे बोंबलाचा वाटा घ्यायचा तरी मावशीच्या टोपलीजवळचा क्यूआर स्कॅन करायचा, ही सवय अंगवळणी पडलीय. त्यामुळे यूपीआय म्हणजेच पैसा, असं वाटू लागणं साहजिक आहे. पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तो फरक नीट कळायला मॉरिशसच्या नाण्यांचा इतिहास फार कामाला येतो. कारण तिथे आपला रुपया मजुरांसोबत जाऊ लागला तो सुमारे १९० वर्षांपूर्वी, आणि त्या मजुरांत मराठी माणसंही होती.

रुपया तिथे पोचला कसा?

मॉरिशसला मूळची वस्ती नव्हती. आधी डच आले, मग फ्रेंच, आणि १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं. ज्याची सत्ता त्याची नाणी, शिवाय बंदरात येणाऱ्या जहाजांची नाणी वेगळी. स्पॅनिश डॉलर चालायचे, फ्रेंच नाणी चालायची. १८१० मध्ये फ्रेंच गव्हर्नर देकाँने बेटावरच चांदीचं नाणं पाडलं, ते ‘पियास्त्र देकाँ’ म्हणून ओळखलं जातं. त्यानंतर इंग्रजांनी नांगराचं चित्र असलेली नाणी आणली. थोडक्यात, आज आपल्या फोनमध्ये चार पेमेंट अ‍ॅप असतात, तसा तिथल्या दुकानदाराच्या गल्ल्यात चार देशांचा पैसा असायचा.

२ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले. गुलामगिरी बंद होत होती आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय करारावर तिथे गेले. त्यातले काही मुंबई बंदरातून चढले. त्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातली मराठी कुटुंबं होती. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते, ती याच लोकांमुळे. ते जिथे उतरत, तो आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

या मजुरांचा करार रुपयांत असायचा. पुरुषाला महिन्याला ५ रुपये पगार. रुपया म्हणजे तेव्हाचं १८० ग्रेन वजनाचं, म्हणजे साधारण ११.६६ ग्रॅमचं चांदीचं नाणं. १८३५ च्या कायद्याने ते ब्रिटिश भारतात सगळीकडे एकसारखं झालं होतं. पगार रुपयांत आणि खायचा तांदूळही भारतातून येणारा. मग हळूहळू बाजार रुपयावर चालू लागला. कुणी फर्मान काढायच्या आधीच लोकांनी आपलं चलन निवडलेलं होतं.

१८७७: नाव ठेवलं, नाणं बदललं

सरकारने हे उशिरा मान्य केलं. १८७६ मध्ये कायदा झाला आणि १८७७ पासून मॉरिशसचा स्वतःचा रुपया आला. नाव आपलंच, किंमतही सुरुवातीला भारतीय रुपयाएवढीच. पण त्यांनी आणे-पै घेतले नाहीत. १ रुपयाचे १०० सेंट केले. आपल्याकडे १६ आण्यांचा हिशेब १ एप्रिल १९५७ पर्यंत चालू होता. म्हणजे दशमान पद्धतीत हे छोटं बेट आपल्यापेक्षा ८० वर्षं पुढे होतं.

या सगळ्यात एक मेख होती. १८७० च्या दशकात जगभर चांदीचे भाव पडायला लागले. रुपया चांदीचा आणि पौंड सोन्याला बांधलेला. सुमारे २ शिलिंगांचा रुपया १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. मळेवाल्याची साखर जिथे पौंडांत विकली जायची, तिथेही मजुराचा पगार घसरत्या रुपयांतच निघायचा. घसरणीचा फायदा कुणाला, हे वेगळं सांगायला नको. पगार कोणत्या चलनात मिळतो आणि त्या चलनाचा दर कोण ठरवतो, हा प्रश्न तेव्हा गरिबाच्या ताटाचा होता. आजही आहे.

१९३४ मध्ये मॉरिशसने आपल्या रुपयाची गाठ भारतीय रुपयापासून सोडून पौंडाला बांधली. १९६७ मध्ये बँक ऑफ मॉरिशस स्थापन झाली आणि १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. आज तिथला १ रुपया म्हणजे आपले साधारण पावणेदोन ते दोन रुपये.

नोटेवरच्या ओळींवरून वाद

चलन हा लोकांच्या मनात किती खोल विषय असतो, ते १९९८ मध्ये दिसलं. मॉरिशसच्या नोटेवर इंग्रजी, मग तमिळ, मग देवनागरी असा क्रम असायचा. नव्या नोटांवर देवनागरी वर आणि तमिळ खाली गेली. तमिळ समाजाने जोरदार विरोध केला, त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या आणि १९९९ मध्ये जुन्या क्रमाच्या नोटा आल्या. क्यूआर कोडवर असा वाद होईल का? माझ्या मते नाही. काळ्या चौकोनांत कुणाचीच भाषा दिसत नाही. ही सोय आहे, पण पैशाची ओळख नजरेआड होते ती इथेच.

मग यूपीआयने नेमकं काय केलं?

यूपीआय हा रस्ता आहे. त्यावरून धावणारी गाडी म्हणजे चलन. मॉरिशसची स्वतःची झटपट पेमेंट यंत्रणा आहे, तिचं नाव मॉकॅस. भारतीय पर्यटक तिचाच क्यूआर स्कॅन करतो. तुमच्या खात्यातून भारतीय रुपये जातात आणि दुकानदाराला मॉरिशसचे रुपये मिळतात. मधलं रूपांतर बँका करतात. म्हणजे ‘आपला रुपया तिथे चालला’ हे खरं नाही. आपला रस्ता त्यांच्या रस्त्याला जोडला गेला, एवढंच.

२०२५ चा करार मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आज दोन देशांचा व्यापार डॉलरमधून झाला, तर रूपांतराचा खर्च दोनदा लागतो. थेट रुपया ते रुपया झालं, तर एक टप्पा वाचतो. प्रत्यक्षात बँका आणि व्यापारी तो किती वापरतात, यावर त्याचं यश ठरेल.

स्कॅन करण्याआधी

१. मॉरिशसमध्येही किमतीपुढे ‘आरएस’ हीच इंग्रजी अक्षरं लिहिलेली असतात. १०० चा आकडा बघून आपले १०० समजू नका, जवळजवळ दुप्पट धरा.

२. परदेशातलं यूपीआय आपोआप चालू नसतं. अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय पर्याय ठरावीक मुदतीसाठी सुरू करावा लागतो, आणि सगळ्या बँका ती सोय देत नाहीत.

३. पिन टाकण्याआधी स्क्रीनवरचा दर आणि शुल्क वाचा. बँकेचा दर आणि गुगलवर दिसणारा दर एकच असेल असं नाही.

हे फक्त फिरायला जाणाऱ्यांसाठी नाही. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत काम करून दूरच्या गावी पैसे पाठवणारी हजारो पोरं आहेत. देशातल्या देशात यूपीआयने त्यांचा मनीऑर्डरचा खर्च आणि वाट बघणं संपवलं. उद्या यातलाच कुणी परदेशात कामाला गेला, तर त्याने पगाराच्या आकड्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: पगार कोणत्या चलनात, रूपांतर कोण करणार, आणि कोणत्या दराने? महिन्याला ५ रुपयांचा करार करून जहाजात चढलेल्यांना हे विचारायची सोय नव्हती. आपल्याला आहे.