उधारी वसूल करा, माणसाला चव्हाट्यावर आणू नका



उधारीवरच्या मागच्या व्हिडिओनंतर साकोलीकडच्या एका किराणा दुकानदार भावाचा मेसेज आला. "सर, उधारी बुडवणाऱ्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकले की पैसे पटकन निघतात म्हणतात. टाकू का?"

माझं उत्तर एका शब्दात: नको. हे पुस्तकात वाचून सांगत नाही. मी स्वतः टाकून बसलोय.

काही वर्षांपूर्वी भंडाऱ्यात माझं भांड्यांचं दुकान नवीनच होतं. बीबीए झालेलं, 'कॅश फ्लो' डोक्यात पक्का बसलेला. एका शेतकरी काकांनी मुलीच्या लग्नासाठी आंदणाची भांडी नेली. अर्धे पैसे रोख, अर्धे धान विकल्यावर. धान विकला, पण चुकारे काही हाती आले नाहीत. दोन महिने मी फोन केले. मग एका रात्री वैतागून त्यांचा दुकानातला फोटो, नाव, गाव आणि रक्कम स्टेटसला टाकली. वर लिहिलं, 'अशा लोकांपासून सावध राहा.'

सकाळी तो स्क्रीनशॉट त्यांच्या गावच्या ग्रुपवर होता, दुपारपर्यंत मुलीच्या सासरी. तिसऱ्या दिवशी काका आले. कुठून तरी उसने आणलेले पैसे काउंटरवर ठेवले आणि एवढंच बोलले, "माझ्यावर राग होता ना भाऊ, तं मले बोलाचं होतं. पोरीनं काय केलं होतं?"

रक्कम वसूल झाली. पण त्या गावचं एकही आंदण नंतर माझ्या दुकानातून गेलं नाही. स्टेटस मी डिलीट केलं. लोकांच्या मोबाइलमधला स्क्रीनशॉट कसा डिलीट करणार?

तुम्ही म्हणाल, "सर, पैसे तर आपलेच ना?" हो, आपलेच. भांडवल उधारीत अडकलं की व्यापाऱ्याचं बिल कुठून भरायचं, हे मला चांगलं माहीत आहे. पण ग्राहकाचा नंबर, फोटो आणि त्याची अडचण आपल्याकडे व्यवहारापुरती आलेली असते. ती गावाला दाखवायचा हक्क त्याने आपल्याला दिलेला नसतो.

बँकांचंच बघा. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात वसुलीवाल्यांना स्पष्ट सांगितलंय: कर्जदाराचा चारचौघांत अपमान करायचा नाही, त्याच्या घरच्यांना, मित्रांना त्रास द्यायचा नाही, सोशल मीडियावर नको ते मेसेज पाठवायचे नाहीत, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. हा नियम आपल्या दुकानाला लागू नाही. पण लाखो रुपये देणाऱ्या बँकेला जे करता येत नाही, ते आपण तीन हजारांसाठी करायचं का? शिवाय बदनामीचा कायदा आपल्यालाही आहेच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. "जे खरं तेच लिहिलं" एवढ्यावर सुटका होईलच असं नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. जे मी काकांसोबत केलं, तेच बेकायदेशीर लोन अ‍ॅपवाले धंदा म्हणून करतात. अर्ज करताना कॉन्टॅक्ट आणि गॅलरीची परवानगी घेतात आणि हप्ता चुकला की ओळखीच्या लोकांना फोन, शिव्या, फोटोंची छेडछाड. मे २०२२ मध्ये मुंबईतल्या मालाडच्या एका माणसाचे बनावट अश्लील फोटो त्याच्या सहकाऱ्यांना पाठवले गेले. त्याने आत्महत्या केली.

नवीन धंद्याला पैसा लवकर लागतो, म्हणून आपण या सापळ्यात पटकन सापडतो. पण लक्षात ठेवा, तुमच्या मोबाइलमध्ये पाचशे ग्राहकांचे नंबर आहेत. तुम्ही 'अलाऊ' दाबता तेव्हा त्यांना न विचारता तुम्ही त्यांना गहाण ठेवता. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाच्या अ‍ॅपला कॉन्टॅक्ट, गॅलरी, कॉल लॉग बघायची परवानगीच नाही. म्हणून परीक्षा सोपी आहे: अ‍ॅपने कॉन्टॅक्ट मागितले की अ‍ॅप काढून टाका.

आज मी काय करतो ते सांगतो.

१. उधारी देतानाच चिठ्ठीवर रक्कम, तारीख आणि सही. शेतकरी ग्राहक असेल तर तारीख चुकाऱ्यांचा अंदाज घेऊन.

२. आठवण फक्त त्याच माणसाला, दिवसा, एकांतात. बायकोला नाही, शेजाऱ्याला नाही, ग्रुपवर तर नाहीच.

३. एकदम जमत नसेल तर हप्ते पाडून देतो. जुनी बाकी असताना नवी उधारी नाही.

४. ग्राहकाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय जाहिरातीतही टाकत नाही.

५. धंद्याचा मोबाइल वेगळा. त्यात कर्जाचं अ‍ॅप नाही, गेम नाही.

आणि तुम्हालाच कुणी असं छळत असेल तर लाजून गप्प बसू नका, घाबरून पैसे देत राहू नका. स्क्रीनशॉट जपून ठेवा, घरी सांगा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या ठाण्यात तक्रार करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

काकांच्या घरी मी नंतर जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा पाजला. दुकानात मात्र ते पुन्हा आले नाहीत. साकोलीच्या भावा, तुझं उत्तर मिळालं असेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत.