तुझं मराठी छान आहे हं!

"तिथे सगळं इंग्रजीत असतं, तुला काय कळणार?" इति मित्रवर्य. तरी गेलो वसईला, रविवारच्या मिस्साला. प्रार्थना, वाचनं, प्रवचन, सगळं चक्क मराठीत! मी आपला शेवटच्या बाकावर. लोक उठले की उठायचं, बसले की बसायचं. कम्युनियनच्या रांगेत गेलो नाही, ते कॅथलिकांसाठी असतं. शेजारच्या आजींनी गीतांचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं, बस्स.

आणि मराठीपणाचं सर्टिफिकेट यांना आम्ही देणार? इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सचं ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. चारशे वर्षं झाली राव! तरी ख्रिस्ती माणूस मराठी बोलला की आमच्या भुवया वर.

वसईच्या सहकाऱ्याला "तुझं मराठी छान आहे हं" म्हणणारा शहाणा मीच. तो नुसता हसला होता.