झाड एक, निवाडे दोन

गुडघेदुखी, निद्रानाश, मधुमेह, अगदी कर्करोगावरही उतारा म्हणून गांजाच्या झाडातून काढलेल्या ‘सीबीडी तेला’च्या जाहिराती आता कागल तालुक्यातल्या मुरगूडच्या घराघरांतल्या मोबाइलवर येऊन पोहोचल्या आहेत. त्यावर दोन मते ऐकू येतात. पहिले: नाव काहीही द्या, हा गांजाच, त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. दुसरे: ही तर महादेवाची बुटी, नशेचा भाग काढून टाकलेला, मग अपाय कसला? दोन्ही पक्ष झाडाकडे बघून निकाल देतात, म्हणून दोन्ही चुकतात. निकाल द्यायचा तो झाडातल्या द्रव्यावर, त्याच्या मात्रेवर आणि ज्या रोगासाठी ते घ्यायचे त्या रोगावर.

पहिल्या पक्षाची भीती पोकळ नाही. गांजाच्या नादाने वाया गेलेली पोरे आपण पाहिली आहेत. उसात लपवून लावलेली झाडे पोलिसांनी उपटल्याच्या बातम्याही वाचल्या आहेत. पण भीती खरी असली म्हणून तिच्यातून काढलेला निष्कर्ष खरा ठरत नाही. या झाडात शंभरावर कॅनाबिनॉइड द्रव्ये असतात. त्यांतली टीएचसी आणि सीबीडी ही दोन मुख्य. दोघांच्या रेणूत कार्बनचे २१, हायड्रोजनचे ३० आणि ऑक्सिजनचे २ अणू. फरक फक्त अणूंच्या मांडणीत. पण तेवढ्याने सगळे बदलते. मेंदूत सीबी-१ नावाचे ग्राहक असतात. स्मरण, हालचाल, वेळेचे भान, भूक यांच्याशी त्यांचा संबंध. टीएचसी या ग्राहकांना जाऊन चिकटते आणि त्यांना चेतवते. तीच नशा, सोबत छातीची धडधड, कधी घबराट, कधी भास. सीबीडी तिथे तसे चिकटत नाही, म्हणून त्याने झिंग चढत नाही. इस्रायलचे रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलम यांनी १९६३ मध्ये सीबीडीची रचना उलगडली आणि १९६४ मध्ये सहकारी गाओनी यांच्यासह टीएचसी शुद्ध रूपात वेगळे केले. दोन्ही द्रव्ये साठ वर्षांपासून वेगवेगळी ओळखली जात असताना आपण त्यांना एकाच पोत्यात का भरावे?

या अज्ञानाची किंमत रुग्ण मोजतात. ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या फिटच्या दुर्धर आजारांत लहान मुलांना नेहमीच्या गोळ्या पुऱ्या पडत नाहीत. अशा मुलांसाठी शुद्ध सीबीडीच्या ‘एपिडायोलेक्स’ या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मान्यता दिली. टीएचसीसुद्धा केवळ खलनायक नाही: कर्करोगाच्या केमोथेरपीनंतरच्या उलट्यांवर प्रयोगशाळेत तयार केलेले टीएचसी १९८५ पासून तिथे औषध म्हणून दिले जाते. ‘सगळा गांजाच’ म्हणणाऱ्यांनी फिटने तडफडणाऱ्या लेकराच्या आईला काय उत्तर द्यायचे?

आता दुसरा पक्ष. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हे तरी मुरगूडच्या माणसाने म्हणू नये. निपाणीचा तंबाखूपट्टा आपल्या शेजारी आहे. पान नैसर्गिकच असते आणि तोंडाचा कर्करोगही त्याच पानाने होतो. सीबीडीने झिंग येत नाही, पण ते शरीरात काहीच करत नाही असे नव्हे. गुंगी येते, जुलाब होतात, यकृताची विकरे वाढू शकतात. जी विकरे यकृतात इतर औषधांचे विघटन करतात, त्यांच्या कामात सीबीडी अडथळा आणते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने हे तेल परस्पर सुरू केले, तर वॉर्फरिनचा परिणाम वाढून रक्तस्रावाचा धोका उभा राहतो.

मात्रेचा हिशेबही मांडू. फिटवरच्या त्या औषधाची नेहमीची मात्रा शरीराच्या दर किलोला रोज १० ते २० मिलिग्रॅम. म्हणजे २० किलोच्या मुलाला रोज २०० ते ४०० मिलिग्रॅम. जाहिरातीतल्या तेलाचे चार थेंब जिभेखाली ठेवून ‘तोच गुण’ कुठून येणार? शिवाय बाटलीत लेबलावर लिहिलेलेच असेल याची खात्री काय? अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादने तपासली गेली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जेमतेम ३१ टक्क्यांचे लेबल बरोबर निघाले आणि १८ नमुन्यांत टीएचसी सापडले. मधुमेह किंवा कर्करोग बरा होतो या दाव्याला तर भक्कम वैद्यकीय आधारच नाही. याच झाडाच्या, म्हणजे भांगेच्या, बियांचे तेल ही आणखी निराळी गोष्ट. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये बिया, बियांचे तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य केले; त्यात सीबीडी नाममात्रच असते. ते सीबीडीच्या भावाने विकणे ही सरळ फसवणूक.

‘कायद्याने चालते’ हेही अर्धसत्य. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. शेंड्याविना नुसती पाने त्या व्याख्येबाहेर. म्हणून पानांच्या अर्काची औषधे आयुर्वेदाच्या परवान्यावर निघतात. पण महाराष्ट्राच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने या पानांची भांगही बंधनात आहे. विनापरवाना झाड लावणे तर १९८५ च्या कायद्याने थेट गुन्हा, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. उत्तराखंडने ०.३ टक्क्यांपेक्षा कमी टीएचसीच्या झाडांची शेती परवान्याने खुली केली, तो नियम कागल तालुक्यातल्या रानाला लागू होत नाही. ‘यात नशा नाही’ म्हणून कोणी बी आणून दिले, तर तुरुंगात जाणार शेतकरीच.

मग करायचे काय? बाटली हाती आली की तीन प्रश्न विचारा. एका मिलिलिटरमध्ये सीबीडी किती आणि टीएचसी किती? याच घाण्याच्या मालाचा स्वतंत्र प्रयोगशाळेचा दाखला कुठे आहे? माझ्या चालू गोळ्यांशी हे जुळते का, हे डॉक्टरांनी पाहिले का? एकाचे जरी उत्तर मिळाले नाही, तर पैसे खिशातच राहू द्या.

आणि हा फरक शाळेतही शिकवा. त्याने मुले गांजाकडे वळतील ही शंका मला पटत नाही. उलट, सगळे सारखेच विष असे सांगितलेल्या मुलाला एक गोष्ट खोटी आढळली की त्याचा आपल्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो. त्याला नेमके सांगा: टीएचसी वाढत्या वयाच्या मेंदूला घातक आहे, त्याची चटक लागते, मनोविकाराचा धोका वाढतो. हे सत्य पुरेसे भयंकर आहे. त्याला खोट्याचा टेकू लागत नाही. गांजाला ठाम नकार आणि तपासलेल्या औषधाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली होकार, या दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने म्हणता येतात, आणि म्हटल्याच पाहिजेत.